नव्या फळ्यावरचं प्लास्टिक

रुमेना बालेवाच्या नाकावर कायम राग असायचा, आणि तो काढायला शाळेत कारणंही रग्गड होती. बल्गेरियातल्या डॅन्यूबकाठच्या एका गावात ती पहिलीला शिकवायची. एकदा कधीतरी शिक्षकांच्या खोलीतला प्रोजेक्टर बंद पडला. सगळे भोवती उभे राहून सुस्कारे टाकत होते, तेव्हा हिने सुटलेली वायर खोचली. झालं! त्या दिवसापासून शाळेत विजेवर चालणारं जे जे काही, ते हिच्या गळ्यात. टॅब चार्ज करा, रुमेनाबाई. पासवर्ड विसरलो, रुमेनाबाई. इंटरनेट गेलं, रुमेनाबाई. जसं काही बाईच ते पिशवीत घालून घरी नेते! वस्तू मोडली तर पगारातून भरून देईन, या कागदावर सहीसुद्धा हिचीच.

सप्टेंबरात शाळा उघडली आणि वर्गाच्या बाजूच्या भिंतीवर मोठा डिजिटल फळा आला, वरच्या कडेला कॅमेरा बसवलेला. तो आणला होता इस्क्रासाठी. सात वर्षांची पोर, पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालेलं, वर्षभर बिछान्यात. एक दिवसही शाळेत आली नव्हती. ती घरी टॅबवर वर्ग बघायची आणि वर्गात त्या नव्या फळ्यावर ती दिसायची: उशी, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला.

आता हेडमास्तर तोतेव म्हणजे टीव्हीच्या रिमोटलाही प्लास्टिक गुंडाळणारा माणूस. तसं ते गावात सगळेच गुंडाळतात. रुमेनाच्या घरचा रिमोटही काही उघडा नव्हता. पण तोतेवने कहर केला. कारखान्यातून फळ्यावर जे दुधी प्लास्टिक चिकटून आलं होतं, ते काढायचंच नाही म्हणाला. सोफियाहून पाहुणे येणार, फीत कापणार, तेव्हा माल कोरा दिसला पाहिजे. नुसतं सांगून थांबला नाही. चारी कोपऱ्यांवर कागदाच्या पट्ट्या डकवल्या आणि प्रत्येकीवर शाळेचा गोल शिक्का हाणला.

"नव्या फळ्याला बोट लावायचं नाही, रुमेनाबाई. तुम्ही आपल्या जुन्यावर खडूने लिहा. ती पोरगी कॅमेऱ्यातून बघेल."

पाहुणे नोव्हेंबरात येणार होते. मग नाताळच्या आधी. मग म्हणे वसंतात. रुमेना रोज सकाळी फडक्याने ते प्लास्टिक पुसायची आणि पाहुण्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

इकडे इस्क्रा मागे पडत चालली. तिने लिहिलेल्या अक्षरांना हात एकीकडे, पाय दुसरीकडे. वाचायला सांगितलं की पोर गप्प. आणि रुमेनाला धीर कुठला!

"इस्क्रा, फळ्याकडे बघ! डोळे आहेत की बटणं?"

"बघतेय, बाई," पोर हळूच म्हणायची.

फेब्रुवारी संपता संपता तोतेवने एक कागद पुढे सरकवला. मुलीला झेपत नाही, कॅमेऱ्याचे धडे बंद करावेत, पुढच्या वर्षी तिने पुन्हा पहिलीत बसावं. खाली रुमेनाची सही हवी होती. तिला वाईट वाटलं, पण खोटं काय होतं त्यात? उद्या करते म्हणाली आणि कागद वर्गातल्या आपल्या टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत इस्क्राची आजी दोना दारात आली. एक मार्च जवळ आला होता; वसंताच्या स्वागताला तिकडे त्या दिवशी एकमेकांना लाल-पांढरे धागे बांधतात. नातीने बाईंसाठी वळलेला धागा तिने रुमेनाच्या मनगटाला बांधला, आणि पिशवीतून एक चित्र काढलं.

"वर्गाचं काढलंय तिने. तुम्हाला द्यायला सांगितलंय."

रुमेना बघत राहिली. पोरं ओळीने बसलेली, बाई उभी. केस होते, कपडे होते. नाक, डोळे, तोंड मात्र कुणालाच नाही. सगळ्यांची तोंडं नुसती पांढरी.

"दोनाआजी, हे काय? चेहरे का नाही काढले?"

"मीही विचारलं. म्हणाली, 'मला दिसतात तेवढे काढले.' तुमच्याकडे फार धुकं असतं हो बाई. आवाज मात्र छान येतो."

"धुकं? वर्गात?"

"आता आम्हाला काय कळतंय! आम्हाला वाटलं, इंटरनेट असंच असतं."

रुमेनाने मान वर करून फळ्याकडे पाहिलं. वरच्या कडेला कॅमेरा, आणि कॅमेऱ्यावरूनच गेलेलं ते दुधी प्लास्टिक. सकाळीच तिने ते चकचकीत पुसलं होतं. अगं आई गं! काखेत कळसा, आणि ती त्या लेकरावर डाफरत होती. तळपायाची आग तिच्या मस्तकात गेली.

ती तशीच चित्र घेऊन तोतेवच्या खोलीत शिरली. साहेब चीज भरलेला गरम बानित्सा खात होते. चित्र, कॅमेरा, प्लास्टिक, सगळं तिने एका दमात सांगितलं.

"अरेरे," तोतेव बोटं पुसत म्हणाला. "पण आता थोडक्यासाठी कशाला? एप्रिलमध्ये पाहुणे नक्की येताहेत. आणि शिक्का फोडायचा म्हणजे..."

"चुलीत घाला तुमचा शिक्का!"

"रुमेनाबाई! भरपाईच्या कागदावर सही तुमची आहे, विसरू नका!"

"विसरते कशी? बघाच तुम्ही!"

ती वर्गाकडे निघाली, मागून तोतेव तोंडातला घास गिळत धावला. सुट्टी संपली होती, पोरं बसली होती, फळ्यावर इस्क्रा उशीला टेकली होती. दोना अजून दारातच होती. रुमेना खुर्चीवर चढली, कोपऱ्यातल्या पट्टीखाली नख घातलं आणि ओढलं. शिक्का फाटला. मग तिने दोन्ही हातांनी ते प्लास्टिक असं खेचलं की उरलेल्या पट्ट्या, धूळ, सगळं चर्रकन खाली आलं.

"भरपाई कोण देणार याची?" तोतेव ओरडला.

"माझ्या पगारातून कापा! पण आधी या पोरीची अख्खी शाळा बुडवलीत ती भरून द्या! झेपत नाही म्हणे! तुम्हाला डोळ्यांवर प्लास्टिक बांधून बसवते, मग वाचून दाखवा!" टेबलावरचा सहीचा कागद तिने उचलला, टराटरा फाडला आणि तुकडे त्याच्या हातात कोंबले.

फळ्यावर इस्क्रा कोपरावर टेकून उठायला बघत होती. ती टॅबच्या इतकी जवळ आली की तिचा नुसता एक डोळा दिसायला लागला.

"बाई," ती म्हणाली, "तुम्हाला चष्मा आहे?"

रुमेना अजून खुर्चीवरच उभी होती. "आहे गं," ती म्हणाली आणि तिने चष्मा नाकावर सरळ केला.