बंपरवरून फिरलेला रुमाल

ग्राइंडरखाली लोखंड जळल्याचा वास आला, की मला छावणी भागातल्या वर्कशॉपमधले ते मिस्त्री आठवतात. डोंगरात फिरायला घेतलेल्या माझ्या जुन्या जीपला त्यांनी जाड लोखंडी पत्र्याचा बंपर बनवून दिला होता. चित्र मी स्वतः पेन्सिलीनं काढलेलं, दोन्ही टोकं शिंगांसारखी पुढं आलेली, अणकुचीदार. मिस्त्रींनी मला न विचारता ती आत वळवली आणि घासून गोल केली. मी भडकलोच. खांद्यावरचा मलमलीचा रुमाल काढून त्यांनी बंपरच्या कडेवरून सावकाश ओढत नेला. डावीकडं एक धागा अडकला. "अजून घासावं लागतंय साहेब. डोंगरात जाताल, पर बाजारातूनच जाताल ना?" असं म्हणत त्यांनी पुन्हा ग्राइंडर उचलला. सगळी दुपार त्यातच गेली, मी घुश्शातच निघालो. पुढच्याच आठवड्यात अजिंठ्याच्या बाजारात शेळ्यांमागं धावणारा एक म्हातारा गाडीसमोर आला. मी ब्रेक दाबेपर्यंत त्याचं धोतर बंपरच्या टोकाला घासलं आणि अलगद सुटलं. "बघून चालव की लेका!" म्हणत तो शेळ्यांमागं निघूनही गेला. मी मात्र खाली उतरून त्या गोल टोकावरून हात फिरवला. परतताना मिस्त्रींना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "धोतर फाटलं का?" मी नाही म्हणालो, तसे ते कामाला लागले. घरी येऊन मी चित्रातली ती टोकं रबरानं खोडली. तो कागद अजून माझ्याकडं आहे, उजेडात धरला की त्या खोडलेल्या टोकांचे वळ दिसतात.