पाठ झालेला तक्ता

नवीन पनवेलच्या त्या सेवा क्लबात सगळे बँकेतले, विमा कंपनीतले, कडक इस्त्रीचे लोक. त्यांच्यात हौसेराव कसे शिरले, याचं नव्या माणसाला नवल वाटे. ते कळंबोलीच्या लोखंड बाजारातले माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. क्रेनने लोखंड उचललं की खाली उभं राहून हाताने इशारे द्यायचे, हे त्यांचं काम. वर, खाली, थांब. त्या एका हाताच्या भरवशावर टोळीतल्या दहा जणांचे पाय शाबूत असत.

त्र्याण्णव साली क्लबाने ट्रकवाल्यांसाठी नेत्रशिबिर ठेवलं. ठरवायला तीन बैठका आणि चार पुडे बिस्किटं लागली. पण दुपार झाली तरी मांडवात एक ट्रकवाला फिरकेना. डोळा अधू निघाला तर शेठ गाडीवरून खाली उतरवील, ही प्रत्येकाची भीती. क्लबाचे अध्यक्ष दिनानाथ डोक्याला हात लावून बसले होते. मांडव कसला म्हणून डोकावलेल्या हौसेरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि तडक गाड्यांच्या रांगेत शिरले. "भ्यायचं काय त्यात?" ते एकेकाला म्हणाले. "डोळं काढून घेत न्हाईत. बघून परत देत्यात." तासाभरात चाळीस माणसं रांगेत उभी होती. त्यांतला गोटीराम ड्रायव्हर तर त्यांनी मनगट धरून ओढत आणला होता.

तेव्हापासून हौसेरावांशिवाय शिबिर होईना. वर्गणीतही त्यांचा हात कुणी धरावा? क्लबाची मंडळी पावतीपुस्तक घेऊन नातेवाइकांकडे जात आणि चहा पिऊन परत येत. हौसेराव पत्र्याचा डबा घेऊन गाडीगाडीपाशी उभे राहत. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला तुझी गाडी दिसावी म्हणून दे, असं म्हणत. यावर कोण नाही म्हणणार? गरिबांचे चष्मे आणि मोतीबिंदूची ऑपरेशनं त्या डब्यातून होत.

शिबिराच्या सकाळी अक्षरांचा तक्ता भिंतीवर टांगायचा मानही त्यांचाच. मग दिवसभर तिथेच उभं राहून रांग सांभाळायची. संध्याकाळी डॉक्टर कार्यकर्त्यांचे डोळे तपासत, तेव्हा हौसेराव शेवटच्या बारीक ओळीपर्यंत खडाखडा वाचत. डॉक्टर म्हणत, पन्नाशीत असे डोळे, दृष्ट काढा त्यांची. हे ते घरी येऊन बायकोला, विजयमालाबाईंना, रंगवून सांगत. मग तुम्ही निवडलेल्या तांदळातले खडे माझ्या दाताखाली कसे येतात, असं बाई विचारत. हौसेराव घरातल्या बल्बला नावं ठेवत. अलीकडे त्यांना दिवसाही जरा धुरकट वाटे, पण खुद्द डॉक्टरांनी पास केलेल्या डोळ्यांवर संशय कसा घ्यायचा?

सत्त्याण्णवपर्यंत जुन्या तक्त्याच्या पार चिंध्या झाल्या. डब्यातल्या पैशांतून नवा आणला, तो हौसेरावांनीच टांगला. संध्याकाळी त्यांची पाळी आली. दिनानाथांच्या पत्नी स्मिताताई छडीने ओळी दाखवत होत्या. वरची मोठी अक्षरं झाली. तिसऱ्या ओळीपासून हौसेराव नेहमीच्या ठसक्यात वाचत सुटले आणि स्मिताताईंची छडी जागच्या जागी थांबली. नव्या तक्त्यावर खालच्या ओळी वेगळ्या होत्या. हौसेराव जुना तक्ता वाचत होते.

"हौसेराव," डॉक्टर हळूच म्हणाले, "हे कुठलं वाचताय?"

"भितीवरचं की," ते म्हणाले. मग डॉक्टर असं का विचारतात ते बघायला पुढे सरकले, तक्त्याला नाक लागेपर्यंत, आणि मटकन बाकावर बसले.

माणूस खोटारडा नव्हता हो. चार वर्षांत हजारभर तोंडांतून ऐकून तो तक्ता त्यांना पाठ झाला होता. डोळे कधी थांबले आणि पाठांतर कधी सुरू झालं, हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

हौसेरावांना आठवला तो टोळीतला मारोती. गेल्या आठवड्यात वरून येणारी लोखंडी सळ्यांची मोळी त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर टेकली होती आणि हौसेरावांनी वाऱ्याला शिव्या घातल्या होत्या. स्वतःची त्यांना कधी एवढी लाज वाटली नव्हती. दिनानाथ समजुतीने म्हणाले की ही गोष्ट मांडवाबाहेर जाणार नाही. हौसेरावांनी मान हलवली. उद्या सकाळी मुकादमाला आपणच सांगणार, इशाऱ्याला दुसरा माणूस उभा करा म्हणून. काम गेलं तर गेलं.

ऑपरेशनच्या नावाने मात्र ते मागे सरले. ते गरिबांसाठी आहे, माझं मी बघतो, असं काहीबाही बोलून ते चपला शोधू लागले. तेवढ्यात आता दरवर्षी शिबिराला येणाऱ्या गोटीराम ड्रायव्हरने मागून मनगट धरलं.

"भ्यायचं काय त्यात, मामा?" तो म्हणाला. "डोळं काढून घेत न्हाईत. बघून परत देत्यात."

सगळा मांडव हसला. हौसेरावही हसले, आणि मुकाट्याने ऑपरेशनसाठी नाव द्यायच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

ऑपरेशनची हिरवी पट्टी आधी एका डोळ्यावर आली, मग दुसऱ्यावर. काम काही गेलं नाही. चार महिने मुकादमाने त्यांना गोदामात चिठ्ठ्या वाटायला बसवलं. होळीनंतर जाड भिंगांचा चष्मा लावून ते पुन्हा क्रेनखाली उभे राहिले, तेव्हा मारोतीनेच नारळ फोडला. घरी तांदूळही पुन्हा तेच निवडतात, आणि सापडलेला प्रत्येक खडा बाईंना दाखवतात.

पुढच्या शिबिरात तक्ता टांगायला हौसेरावच होते. संध्याकाळी पाळी आली. पाच ओळी त्यांनी नीट, सावकाश वाचल्या आणि सहावीपाशी थांबले. स्मिताताईंनी छडी धरून ठेवली होती. दिवसभरात ती ओळ सव्वाशे माणसांनी त्यांच्या कानाशी वाचली होती.

"ठावं हाय, डाक्टर," हौसेराव म्हणाले, "पन दिसत न्हाई."

डॉक्टरांनी कागदावर तसंच लिहून घेतलं.