भाजीच्या फ्रिजात जावईबापू

आता हे मीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकलंत तर त्यात भर पडलेली असेल, आणि खरं सांगू का, भर घालायची गरजच नाही.

मी वाळूजला कंपनीत आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच एकटा सासुरवाडीला, पाचोडला गेलो. मोटारसायकलवर, भर एप्रिलात. पोचलो तेव्हा धुळीनं माखलेला.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आधी आंघोळ करा. पाणी तापवलंय. मागं विटांचं बांधलंय बघा, तिथं." आणि त्या शेताकडं गेल्या.

उन्हाळ्यात गरम पाणी, पण नव्या जावयाला नाही म्हणता येतं का? मागं गेलो. चिंचेखाली विटांचा कमरेएवढा हौद. दुहेरी भिंत, मधे ओली वाळू, वर गोणपाटाचं झाकण. आत उतरलो तर काय गारवा. म्हटलं, जावयासाठी केवढी ही सोय. खरी न्हाणी गोठ्यापलीकडं होती, तिकडं मी बघितलंच नाही.

गरम पाणी ओतलं, साबण लावला, आत मांडी घालून बसलो. तेवढ्यात सासूबाई परतल्या. मागं आठ-दहा बायका, डोक्यावर मेथी-पालकाच्या टोपल्या.

सगळ्या थबकल्या. माझं फेसाळलेलं डोकं तेवढं वर.

"ह्यो कोण बसलाय, आक्का, आपल्या फ्रिजात?" एकीनं विचारलं.

"जावई हाय माझा," सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग मला म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."

तेव्हा कळलं. भाजी विजेशिवाय गार राहावी म्हणून या बायकांनीच मिळून तो हौद बांधला होता. आधी आठवडी बाजारात संध्याकाळी मिळेल त्या भावात भाजी टाकून यायच्या. आता रात्रभर हौदात ठेवायच्या, सकाळी टेम्पोनं वाळूजच्या कामगार वसाहतीत स्वतः विकायच्या. आणि ऐन वेळी मी त्यात ऊन पाणी ओतून बसलेलो.

कपडे चढवले नि कामाला लागलो. हौद घासला, विहिरीचं पाणी ओढून वाळू भिजवली. भाजी तोवर ओल्या गोणपाटात. सासूबाई "राहू द्या हो" म्हणायच्या आणि लगेच रिकामी बादली पुढं करायच्या. अंधाराच्या आत हौद पुन्हा गार झाला. सकाळी मेथी टवटवीत, दुपारपर्यंत सगळी खपली.

पुढच्या खेपेला गेलो तर हौदावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं: 'ही भाजीची जागा आहे. जावयांनी आंघोळ पलीकडं करावी.'

त्याच दिवशी शेजारच्या गावच्या बायका हौद बघायला आल्या होत्या. त्यांनाही बांधायचा होता. मापं घेतली, वाळू हातात घेऊन बघितली. निघताना एकीनं विचारलं, "आन् हे बी लिहायचंच का?"

सासूबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमच्याकडं जावई येतेत ना? मग लिहा."

आता आसपासच्या बऱ्याच गावांत असे हौद झालेत. प्रत्येकावर तेच वाक्य. जिथं मी कधी पाऊल ठेवलं नाही, तिथंही माझी कीर्ती आधीच पोचलीय.