हार्लनची रायफल एकदाची पूर्ण झाली

माझा थोरला भाऊ डेल्मर हप याला मुळातच बोलायचा कंटाळा. नशीब मात्र असं, की कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर त्याला काम मिळालं ते दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घ्यायचं. आमच्या डोंगरातल्या गावात बंदुकांचं एकच दुकान आहे. तिथे मी गल्ल्यावर बसते आणि डेल्मर मागच्या काउंटरला, सुट्या भागांच्या.

पूर्वी बरं होतं. माणूस यायचा, हरणाच्या शिकारीसाठी बंदूक निवडायचा, कागदपत्रं करायचा आणि घरी जायचा. आता ज्याला त्याला स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक रायफल स्वतःच जुळवायची असते. नंबर कोरलेला मूळ सांगाडा तेवढा रीतसर तपासणी होऊन घ्यायचा, मग नळी वेगळी, खांद्याला टेकायचा दस्ता वेगळा, मूठ वेगळी, चाप वेगळा, दुर्बीण, पट्टा, टॉर्च, सगळं आपल्या आवडीचं. स्वयंपाकघराचं नूतनीकरण काढल्यासारखं आहे हे, एकदा काढलं की संपत नाही. परवा एकाने कोल्हे मारायच्या साध्या रायफलीवर इतकं सामान चढवायला सांगितलं, की डेल्मर म्हणाला, "आता हिला चाकंपण लाव. उचलण्यापेक्षा ढकलत नेलीस तर सोपं पडेल." गिऱ्हाईक हसलं. डेल्मर हसला नाही. नाकापेक्षा मोती जड झालेल्या रायफली पाहून पाहून त्याला आता हसू येत नाही.

गिऱ्हाईक गेलं की तो स्टुलावर बसायचा. छातीत खाणीची धूळ, दोन्ही गुडघे निकामी. "कसा आहेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "दमलोय." त्याची बायको हिवाळ्यापुरती म्हणून कॅरोलायनात मुलीकडे गेली, त्याला आता कितीतरी हिवाळे झाले. तेव्हाही मी विचारलं होतं, तेव्हाही तो "दमलोय" एवढंच म्हणाला. मला ते त्याचं टोपणनावच वाटायला लागलं होतं.

या सगळ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात मोठा ताप म्हणजे हार्लन मोट्स. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, ताडमाड उंच, डेल्मरचा शाळेपासूनचा मित्र. त्याने चार वर्षांपूर्वी एक सांगाडा घेतला आणि त्यावर रायफल जुळवायला काढली. चार वर्षं ती पूर्ण होत नव्हती. दर शनिवारी सकाळी हा हजर, कॉफीच्या भांड्याशेजारी आपला कप घेऊन.

"हा दस्ता हलका आहे," हार्लन म्हणायचा.

"गेल्या शनिवारी जड होता."

"तो वेगळा होता."

"तोच आहे, लेका. मी फक्त उलटा धरलाय."

"तू माझ्या गळ्यात माल मारतोयस."

"चार वर्षांत तू एक पट्टा घेतलास, हार्लन. तोसुद्धा परत केलास."

हार्लनची बायको ओपल बाहेर ट्रकमध्ये विणत बसायची. फारच उशीर झाला की आत डोकवायची आणि म्हणायची, "अजून नळीवरच आहात का रे? मी तोवर स्वेटर पुरा केला." सगळं दुकान हसायचं. हार्लनची रायफल ही गावातली कायमची थट्टा होती. एखाद्याच्या घराचं छप्पर लांबलं, कुणाच्या पोरीचं लग्न लांबलं, की लोक म्हणायचे, हार्लनकडे दिलंय वाटतं काम.

ओपल जानेवारीत गेली. दफनानंतर चर्चच्या तळघरात आम्ही बायकांनी जेवण वाढलं, हार्लनने ताटाला हात लावला नाही. मग तो दुकानात यायचाच थांबला. शनिवारी सकाळी डेल्मर दाराकडे बघायचा आणि मग उगाच कपाटं पुसायला घ्यायचा.

एप्रिलमध्ये, रानातल्या रॅम्प कांद्यांचे दिवस आले आणि सगळ्या गावाच्या तोंडाला त्यांचा वास मारायला लागला, तेव्हा एका शनिवारी हार्लन आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला विचारायच्या आधीच पेपरोनी भरलेला पाव गरम करून दिला.

"डेल्मर," तो म्हणाला, "आज पूर्ण करून टाकू."

"काय?"

"रायफल. चाप दे. कुठलाही दे."

डेल्मरने दोन काढून समोर ठेवले. हार्लनने जवळचा उचलला. मूठ, तीही पहिलीच. नळी हलक्यातली. दुर्बीण डेल्मरने दाखवली ती. दस्ता मात्र त्याने स्वतः सांगून आखूड घेतला. ओहायोत त्याची चौदा वर्षांची नात आहे, तिच्या हाताच्या मापाचा. "रायफल तिलाच देणार आहे," तो म्हणाला. "शाळा संपली की येईल. तिच्या आईशी बोलणं झालंय. पोरगी डावखुरी आहे, तेवढं बघ."

दुकानात चार-पाच जण होते. त्यांनी टाळ्याच वाजवल्या. एकजण म्हणाला, आता अग्निशमन केंद्रावर भोंगा वाजवायला सांगा. हार्लन हसला. सामान जुळवायला डेल्मरकडे ठेवून जाताना त्याने सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशीसुद्धा. "लू, पाव छान होता," म्हणाला. पाव त्याने अर्धाच खाल्ला होता.

मला वाटलं, चला, दुःखातून बाहेर पडतोय बिचारा. मी डेल्मरला तसं म्हटलंही. डेल्मर स्टुलावर बसला नव्हता. काउंटरवर पसरलेल्या सामानाकडे बघत उभाच होता.

"लू, त्याने एकदाही नाही म्हटलं नाही."

"मग? बरंच झालं की. तुझीच सुटका झाली."

"चार वर्षं तो माणूस मला नाही म्हणत आलाय. आज मी त्याला मुद्दाम महागडी, अवजड दुर्बीण दाखवली. घेतली त्याने."

"अरे, नातीसाठी घेतोय. नातीसाठी माणूस हात आखडता घेत नाही."

"नातीच्या खांद्याला ती जड होईल हे त्याला कळत नाही? त्याला?" डेल्मरने नळी परत फळीवर ठेवली. "आणि जाताना मला काय म्हणाला माहितीये? घरातल्या बाकीच्या बंदुकांवर पण नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्यात म्हणे. कुठली कुणाला."

"म्हातारे करतात तसं."

"तो माझ्याच वयाचा आहे." त्याने जाकीट घेतलं. "तू चल माझ्याबरोबर. तू असलीस की तो शिव्या देणार नाही."

"शिव्या कशाला देईल?"

"मी जे विचारणार आहे त्याच्यासाठी देईल."

मी गल्ल्याला कुलूप लावलं. आमच्याकडे एक पद्धत आहे. कुणाचा घटस्फोट झाला, कुणी दारूत बुडाला, कुणाच्या घरी मयत झाली, की एखादा शेजारी जातो आणि म्हणतो, तुझ्या बंदुका जरा साफ करायला नेतो. साफसफाईला कधी दोन महिने लागतात, कधी वर्ष. काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी तोंडाने बोलत नाही. ओपल गेल्यावर हार्लनकडे कुणीच गेलं नव्हतं. बंदुकांबाबत इतक्या चोखंदळ माणसाला त्या साफ करून देतो म्हणायचं कसं, असं जो तो मनात म्हणाला असेल. मीही तेच म्हटलं होतं.

हार्लनने दार उघडलं तेव्हा तो चकित झाला नाही, चिडलासुद्धा नाही. ते मला जास्तच वाईट लक्षण वाटलं. स्वयंपाकघर लख्ख होतं. ओट्यावर काही नाही, फ्रिजच्या दारावरचे नातीचे फोटोसुद्धा काढून एका डब्यात नीट रचलेले.

"कुत्रा कुठाय?" डेल्मरने विचारलं.

"पुतण्याकडे दिला. त्याच्याकडे जागा आहे."

डेल्मर खुर्चीत बसला. जिना तीनच पायऱ्यांचा होता, पण त्याला दम लागला होता. आम्ही दोघं त्याचा श्वास जागेवर यायची वाट बघत राहिलो. मग तो म्हणाला, "हार्लन, तू जीव द्यायच्या विचारात आहेस का?"

असं कुणी आमच्याकडे विचारत नाही. मी हार्लनकडे बघूच शकले नाही, माझ्या पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिले.

"तुला कुणी सांगितलं?" हार्लन म्हणाला.

"तूच. आज सकाळी. दुर्बीण घेतलीस तेव्हा."

हार्लन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची मान लाल झाली. "सकाळी उठतो आणि दोन कप काढतो," तो म्हणाला. "रोज. एक परत ठेवतो. त्या एका कपानेच दिवस संपतो माझा. पोरगी येऊन रायफल घेऊन गेली की मग... तेवढं एक काम उरलं होतं."

"ठीक आहे."

"काय ठीक आहे?"

"सांगितलंस ते ठीक केलंस. आता बंदुका माझ्याकडे दे. सगळ्या. परत हव्या असतील तेव्हा मागायच्या, पण माझ्या तोंडाकडे बघून मागायच्या. आणि सोमवारी आपण दवाखान्यात जातोय. मी नेतो."

"तू कधीपासून पाद्री झालास रे?"

"मला पाद्रीसारखं बोलता आलं असतं तर मी इथे दहा मिनिटं धापा टाकत बसलो नसतो. दे चाव्या."

हार्लन हसला, म्हणजे तसं काहीतरी झालं त्याच्या तोंडाचं. मग त्याने आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. प्रत्येक बंदुकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. त्याच्या वडिलांची जुनी शॉटगन होती, तिच्यावर डेल्मरचं नाव होतं. डेल्मरने ते वाचलं, चिठ्ठी तोडून खिशात घातली आणि बंदूक माझ्याकडे दिली. सगळ्या रिकाम्या आहेत हे दोघांनी एकेक उघडून पाहिलं, न बोलता, सवयीने. काडतुसांचे डबे मी उचलले. डेल्मरच्या गुडघ्यांमुळे जड सामान हार्लननेच बाहेर आणलं. स्वतःच्याच बंदुका स्वतःच आमच्या ट्रकमध्ये चढवत होता आणि मधेच डेल्मरला ओरडला, "अरे त्या जुन्या रायफलीच्या दुर्बिणीवर वजन नको टाकू! ब्लँकेट घाल खाली!"

डेल्मरने ब्लँकेट घातलं. मला रडू आलं आणि बरंही वाटलं. शिव्या नाहीत पण निदान ओरडला तरी.

सगळं भरून झालं. मागचं फळकूट लावून हार्लन त्याला टेकून उभा राहिला. ऊन होतं, रस्त्यापलीकडे कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. तो डेल्मरकडे बराच वेळ बघत राहिला, दुकानात नळी पारखायचा तसा.

"डेल्मर, एक सांग," तो म्हणाला. "इतके लोक येऊन गेले माझ्याकडे. केक घेऊन आले, बायबल घेऊन आले. माझी मुलगी रोज फोन करते. कुणाला कळलं नाही. तुला एका दुर्बिणीवरून कसं कळलं?"

"सांगितलं ना. नाही म्हटलं नाहीस."

"ते आज. पण तो प्रश्न. तू अडखळला नाहीस. पाठ असल्यासारखा विचारलास." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुझ्या बंदुका कोण साफ करतं रे?"

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं, आला पूर्वीचा हार्लन, आता डेल्मर त्याला काहीतरी खरमरीत ऐकवणार. मी डेल्मरकडे वळून बघितलं.

डेल्मर हसत नव्हता. ट्रकच्या कडेवर हात ठेवून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. "दमलोय," तो म्हणाला.

हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आलेय. रविवारी माझ्याकडे घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव खाताना, काउंटरवर, डॉक्टरकडून येताना. मी त्याला म्हणायचे, मग झोप की जरा. त्या दिवशी तो शब्द पहिल्यांदा मला ऐकू आला. मी इतकी चिडले की मला त्याला तिथेच झोडावंसं वाटलं. त्याऐवजी मी त्याच्यापुढे हात पसरला.

त्याने खिशातून जुडगा काढला. त्याची बोटं जाड, गोल कडीतून चावी निघेना. शेवटी हार्लनने जुडगा त्याच्या हातातून घेतला, नखाने कडी फाकवली, डेल्मरच्या बंदुकांच्या कपाटाची चावी सोडवली आणि माझ्या तळव्यावर ठेवून माझी मूठ स्वतःच्या हाताने बंद केली.

"लू," तो म्हणाला, "सोमवारी दवाखान्यात फोन करशील तेव्हा दोन नावं सांग."

डेल्मरने मान वर केली नाही. पण नाही म्हटलं नाही.

"गाडी मी चालवते," मी म्हटलं. "बसा दोघंही."