बुवांना न जमलेलं पाप

नरकाचं वर्णन ऐकताना माणसं हातातला चहा प्यायला विसरतात, हे मी फक्त आमच्या बुवांच्या प्रवचनात पाहिलं. बोरी बुद्रुक आणि आसपासच्या गावांत दशक्रियेचं प्रवचन म्हटलं की बुवा आणि मंडप, खुर्च्या, माइक म्हटलं की मी. वीस वर्षं मी नदीकाठच्या घाटावर ॲम्प्लिफायरशेजारी बसून त्यांचं उकळतं तेल ऐकलं. सुरुवात करण्याआधी ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "आवाज वाढव, भाऊ. खालपर्यंत गेला पायजे."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "चोराला मुदत हाय, खुन्याला मुदत हाय. भोगून झालं की सुटला. पन देवाला शिव्या देणाऱ्याला मुदत न्हाई. त्यो तिथं कायमचा." दुसरे प्रवचनकार असं सांगत नसत. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "माझ्या गुरूंनी सांगितलंय. न्याय म्हंजे न्याय."

आणि त्यांच्याच घरात देवाला रोज शिव्या पडत. त्यांची एकुलती एक मुलगी सहा वर्षांची असताना अंगणाच्या कडेच्या उसातून बिबट्यानं नेली. त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, आमच्या माईंनी, देव्हाऱ्याचं दार लावलं ते पुन्हा उघडलं नाही. भाकरी थापता थापता त्या बोलायच्या, "मुडद्या, न्यायची व्हती तर दिलीस कशाला? बिबट्याबी तूच केलास ना?" बुवा बाहेर ओट्यावर माळ घेऊन बसत. आतून एक शिवी आली की बाहेर एक नाम. "बरोबरी ऱ्हायली पायजे," म्हणत. आतून माई ओरडायच्या, "मोजा, मोजा! आज कमी पडत्याल!" आणि फुगलेली पहिली भाकरी बुवांच्याच ताटात पडायची.

दोन वर्षांपूर्वी माई झोपेतच गेल्या. दशक्रियेला दुसरे प्रवचनकार सांगू का, असं मी विचारलं. बुवा म्हणाले, "माझं मानूस हाय. मीच बोलनार." माझी यादी तयार होती: खुर्च्या अडीचशे, माइक दोन, श्रद्धांजलीला अकरा वक्ते. बुवा सवयीनं बोलत गेले. चोराला मुदत हाय, खुन्याला मुदत हाय. "पन देवाला शिव्या..." इथं ते थांबले. मग म्हणाले, "पोरीसाठी रडली. येवढंच केलं तिनं." माइक खाली ठेवून ते नदीकडे चालू लागले.

लोक माझ्याकडे बघायला लागले. मी यादीतलं पुढचं नाव पुकारलं. कार्यक्रम वेळेत संपला. आजवर मी काढलेल्या कामांत हे एकच काम असं आहे, की ते नीट पार पडल्याची मला लाज वाटते.

त्यानंतर बुवांनी प्रवचन केलं नाही. ते माझ्या गोडाऊनमध्ये येऊन गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसत. एकदा म्हणाले, "देव चांगला असंल तर ती तिथं नसंल. मग चाळीस वरसं मी लोकांना काय सांगितलं? आन ती तिथं असंल, तर मी नाव कुनाचं घेतलं?" मी म्हणालो, "बुवा, बीपी तपासून घ्या."

"माझ्या नामांचं पुन्य मलाच मिळालं," ते म्हणाले, "तिला काय मिळालं? आता मीच तिच्याकडं जातो."

आणि हा माणूस पाप करायला निघाला. माळ काढून ठेवली. एकादशीला एसटी स्टँडवर सगळ्यांसमोर कांदाभजी खाल्ली. लोक म्हणाले, बुवांना दुःखानं तिथीचं भान राहिलं नाही. शेजाऱ्याच्या रानातला फ्लॉवर चोरला, तर शेजारी पिशवीभर घेऊन दारात आला. "मागायचं ना राव! लाजता काय?" शेवटी देव्हाऱ्याचं दार उघडून ते शिव्या द्यायला बसले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "जमत न्हाई. तिची शिवी पोटातून यायची. माझी पाठ केल्यावानी वाटती. पाप कराया बी अंगात लागतं, भाऊ."

मी हसलो. ते हसले नाहीत.

गेल्या माघात त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या सकाळी मी भेटायला गेलो तर म्हणाले, "आज एकादशी. भजी आन." मी आणली. एक घास तोंडात घातला, पण गिळता येईना, बाहेर काढावा लागला. त्यांचे डोळे भरले. दुपारी ते गेले. पोटात अन्नाचा कण नाही, एकादशी घडलेली. सगळं गाव म्हणालं, असं मरण पुण्यवानालाच येतं.

दशक्रियेला खुर्च्या पाचशे लागल्या. बाहेरगावचे प्रवचनकार हात उंचावून म्हणाले, "बुवा थेट वैकुंठाला पोचले!" माणसांनी हात जोडले. माझा हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर होता. मी आवाज हळूहळू कमी करत नेला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, आयकू येईना!" मी वायर तपासत असल्यासारखं केलं. खालपर्यंत जाऊ नये, माईंना कळू नये, एवढंच माझ्या हातात होतं.