उत्तर न देणारे

अरुणाचं दुखणं दरवर्षी कॅनडातल्या विनिपेगच्या पहिल्या बर्फाबरोबर यायचं. उजव्या डोळ्यामागे कुणी तापलेली सळई फिरवावी तशी कळ. तो डोळा गळायचा, पापणी लोंबायची. डोकं दुखलं की लोक अंधारात पडून राहतात. अरुणाला धड बसवतही नसे. ऑफिसातून आल्या आल्या ती बेसमेंटमध्ये जाऊन येरझाऱ्या घालायची, भिंतीवर कपाळ आपटायची आणि घामाने भिजून वर यायची. तोवर नवरा, परीक्षित, जिन्यात बसून राहायचा. तो खाली आलेला तिला खपत नसे.

नागपूरला ती स्टॅटिस्टिक्स शिकली होती, इथे एका विमा कंपनीत नोकरी करत होती. डॉक्टर कित्येक वर्षं मायग्रेनच्या गोळ्या देत राहिले. एका डोळ्यामागे अशी कळ उठवणारं क्लस्टर हेडेक बायकांना सहसा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तेच निदान झालं आणि ऑक्सिजनचं सिलिंडर घरात आलं. त्याने कळ लवकर ओसरायची, पण पुन्हा यायची ती यायचीच.

२०१६ साली तिला अशाच रुग्णांचा एक ऑनलाइन ग्रुप सापडला. त्यातले काही जण नशेसाठी बदनाम असलेलं एक मश्रूम औषध म्हणून घेत, आणि त्यांचे महिनेच्या महिने बिनदुखण्याचे जात. कायद्याने तो गुन्हा होता. डॉक्टर तर ऐकूनच घेत नव्हते. तेव्हा संशोधन आपणच करायचं, असं रुग्णांनी ठरवलं. ग्रुप चालवणारी रिचमंड हिलची नीरजा स्वतः याच दुखण्याची. तिने प्रश्न काढले, आलेल्या उत्तरांचं गणित अरुणाकडे आलं.

आकडे बघून अरुणाला हुरूप आला. गुन्ह्यात सापडून पीआर, म्हणजे देशात कायम राहायचा परवाना, हुकू नये म्हणून तो हातात पडेपर्यंत ती थांबली. मग एका रविवारी दुपारी परीक्षितला शेजारी बसवून तिने ते मश्रूम घेतलं. पडद्यावरची फुलं हलल्यासारखी वाटली, उगाचच रडू आलं. त्याच आठवड्यात कळ आली, नेहमीसारखीच. ग्रुपच्या सांगण्याप्रमाणे तिने पुन्हा घेतलं, आणखी एकदा घेतलं. काही फरक नाही.

"सगळ्यांना गुण येतो आणि तुलाच कसा नाही?" परीक्षित हताश होऊन म्हणाला.

"सगळ्यांना येतो हे कशावरून?" अरुणा म्हणाली, आणि स्वतःच्याच प्रश्नावर अडकली. बरे झालेले ग्रुपवर रोज लिहीत होते. जे बरे झाले नाहीत ते गेले कुठे?

ग्रुप सोडून गेलेल्यांना तिने शोधायला घेतलं. काहींनी उत्तर दिलं, बऱ्याच जणांनी नाही. त्यांतलाच एक, सरे शहरातला बळवंत, इलेक्ट्रिशियन होता. ऑक्सिजनचा मास्क घट्ट कसा बसवायचा हे त्यानेच तिला व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं. मध्येच तो लिहायचा थांबला. बरा झाला असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिने फोन लावला तर त्याच्या बहिणीने, छायाने उचलला.

"दादा मागच्या विंटरमध्ये गेला," छाया म्हणाली. "स्वतःच. पेन सहन नाही झालं."

अरुणाने विचारलं, "त्यांनी ते मश्रूम घेतलं होतं का?"

"घेतलं होतं. काही उपयोग नाही झाला. मी म्हटलं, तुझ्या ग्रुपला सांग ना. तर म्हणे, सगळे एवढे खूश आहेत, मी कशाला त्यांचा मूड घालवू?"

अरुणाने हे नीरजाला सांगितलं. नीरजा बराच वेळ रडली. मग म्हणाली, "अरुणा, हे रिपोर्टमध्ये टाकलंस तर आपलं कोण ऐकणार? आधीच लोक आपल्याला नशेबाज समजतात."

"ऐकणार नाहीत कदाचित," अरुणा म्हणाली. "पण उद्या एखादा फक्त बरे झालेल्यांचं वाचून मश्रूम घेईल. त्याला गुण नाही आला तर? त्याला वाटेल, दोष आपलाच."

नीरजाने फोन ठेवला. पुढे कित्येक दिवस दोघींचं बोलणं नव्हतं. एका सकाळी नीरजाचा मेसेज आला: बळवंतबद्दल लिही, नाव मात्र घालू नकोस.

अहवालात अरुणाने सगळं मांडलं. गुण आलेले पुष्कळ, न आलेले थोडे, आणि ज्यांचा पत्ताच लागला नाही असे बरेच. 'न आलेले' यांत ती स्वतःही होती. शहरातल्या एका न्यूरॉलॉजिस्टने तो अहवाल वाचून तिला बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, "ज्यांना फायदा झाला नाही त्यांनाही तुम्ही मोजलंत, म्हणून मी हे पुढे नेऊ शकते. पण रुग्णांवर या मश्रूमची ट्रायल घ्यायची परवानगी मिळायला वर्षं जातील. तुमच्या हयातीत उत्तर मिळेल, असं वचन मी देत नाही."

२०१९च्या हिवाळ्यापर्यंत परवानगी आलेली नव्हती. अरुणाची कळ मात्र ठरल्या वेळी आली.

गुण न आलेल्यांसाठी तिने शनिवारचा एक वेगळा कॉल सुरू केला आहे. मोजकेच लोक येतात. छायाही येते, तिला स्वतःला काही दुखणं नसताना. फारसं कुणी बोलत नाही. एखाद्याला मध्येच कळ सुरू झाली की तो कॅमेरा बंद करतो, आणि तो परत येईपर्यंत बाकीचे थांबून राहतात.