सुधाकरच्या गाडीचा मागचा फाळका

मीनल, जरा जवळ ये बाई. कान धरायचा आहे तुझा, दुरून कसा धरू? दीड महिना झाला, आत्याचा फोन उचलत नाहीस. पुण्याला फोनला कुलूप लावतात काय वं? पण रविवारची पुरवणी तू मोबाइलवर वाचतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून इथे लिहिते. आणखीही एक कारण आहे. तेरवीच्या दिवशी, पंगत बसलेली असताना तू म्हणालीस, "बाबांच्या हौसेनंच बाबांचा जीव घेतला." सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं आणि हातातलं भांडं घेऊन तशीच वाढत पुढे गेले... तेव्हाच थांबायला हवं होतं. चारचौघांत राहून गेलेलं चारचौघांतच सांगावं, म्हणून हे.

सुधाकर माझा धाकटा भाऊ, मीनलचा बाप. सावनेरजवळ खाप्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान. लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा आणि आपल्या पिकअपमधून पोचवायचा. ही पिकअप कोळसा खाणीच्या लिलावातली, गोल डोळ्यांची, आमच्या दोघांच्या म्हातारपणाला शोभेल अशी जुनी. तिला तो जपायचा फार, पण तिचा मागचा फाळका, माल चढवायला खाली पाडायचा तो, कायम खुळखुळत असे. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याबरोबर नागपूरला येत होते. सावनेरच्या पुढे कडी निसटली, फाळका धाडकन खाली पडला आणि संत्र्यांचे कॅरेट रस्त्यावर गेले. मागून मोटारसायकलवर नवरा-बायको येत होते, मध्ये लहान पोर. कशी वळवली त्या माणसाने, देव जाणे. त्या पोराचं तोंड मला नंतर कितीतरी दिवस दिसत राहिलं.

पुढे भाऊबीज आली. ओवाळून झालं, तसा तो म्हणाला, "सांग ताई, या वेळेले काय देऊ?"

"मले साडी नको. तो मागचा फाळका वेल्डिंग करून कायमचा बंद कर."

"काहून वं ताई? नवी कडी लावतो ना."

"कडी झिजतेच."

"अवं, मागून उघडत नसली त ते पिकअप कायची? कढई होते. माल काय वरून फोडणीसारखा टाकू?"

सगळे हसले. मी नाही हसले. म्हटलं, "ओवाळणी मागितली आहे. नाही म्हणतोस काय?" त्याने मान खाजवली आणि कबूल म्हणून ताटात सुपारी टाकली. झालं.

मग दिवाळीनंतर आठ दिवस त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. कड्या, साखळ्या, बिजागऱ्या सगळं कापून काढलं. फटी भरल्या, घासल्या, वर लांबीचा लेप, त्यावर रंग. लाल दिवे पत्र्यात आत बसवले, नंबरपाटीला मधोमध खोलगट जागा केली, बंपर काढून तिथे खाली वळवलेला पत्रा लावला. मला म्हणाला, "बंदच करायचं त पाहण्यासारखं बंद करतो." सावनेरची पोरं येऊन फोटो काढायची. "काय हौस आहे काका!" म्हणायची. तो म्हणायचा, "आहे ना बाप्पा." माझं नाव कधी घेतलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ओवाळणी काय सांगत फिरायची असते?" त्यानंतर जड फाटकं बाजूने उचलून चढवताना त्याचा खांदा धरायचा, हे मला तुझ्या आईने आत्ता सांगितलं...

तो गेला त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी नागपूरला, प्रताप नगरच्या घरी गच्चीवर संत्र्याच्या साली वाळत घालत होते. त्याच्या दुकानाशेजारचा नामदेव फोनवर होता. "ताई, सुधाकरभाऊ दुकानात पडला. सावनेरले नेऊन राहिलो."

"शुद्ध आहे काय गा?"

"आहे... पण बोलून नाही राहिला."

पुढचं नामदेवनेच नंतर सांगितलं. रुग्णवाहिकेला वेळ होता आणि दारात ही गाडी उभी. पुढे आडवं करायला जागा नाही. सुधाकरला खाटेवर घातलं आणि खाट उचलून चौघं सवयीने गाडीच्या मागे गेले. तिथे उघडायला काहीच नव्हतं. मग बाजूला आले. खाट कलायला लागली, म्हणून त्याला हातापायाला धरून उचलावं लागलं. जड माणूस. एकदा निसटला. "डोळे उघडे होते ताई, पाहून राहिला होता," नामदेव म्हणाला.

मी पोचले तेव्हा संपलं होतं. त्याच्या उजव्या दंडावर पत्र्याच्या कडेचा लांब ओरखडा होता, अजून ओला. मी पदराने पुसला. पुण्याहून आल्यावर तू डॉक्टरांना विचारलंस, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. तू त्यातून 'हो' ऐकलंस. मीही तेच ऐकलं, मीनल.

तर बाई, तुझ्या बापाला हौशी म्हणू नकोस. फाळका मी बंद करायला लावला. त्याने फक्त आपल्या बहिणीला नाही म्हटलं नाही.

तेरवीपासून मी खाप्यालाच आहे, तुझ्या आईजवळ. गाडी दुकानासमोर उभी आहे. नामदेव म्हणतो, "ताई, म्हणत असाल त कापून पुन्हा उघडता करून देतो." काल मी खडू घेऊन गेले, जुनी फट होती तिथे त्याला रेघ मारून द्यायला. चष्मा लावून पाहिलं, नखाने चाचपून पाहिलं. कुठून कापायचं तेच सापडेना... इतकं साफ काम करून ठेवलंय त्याने.

कापायचं की राहू द्यायचं, हे आता मी सांगणार नाही. त्या गाडीबद्दल एकदा सांगितलं तेवढं पुरे झालं. तू सांग. मला शिव्या द्यायच्या असल्या तर त्याही दे, पण समोर बसून दे, मी उठून जाणार नाही. तुझी आई रोज दोन माणसांचा जास्तीचा भात टाकते आणि मग पाहत बसते. लवकर ये वं माय.